काच उघडली नाही

व्हॅनची काच उघडत नव्हती. अडकली होती अशातला भाग नाही, ती उघडण्यासाठी बसवलेलीच नव्हती. एसीची गाडी, अखंड काळसर काच. मायनं आधी बोटांनी कडा चाचपल्या, मग तळहातानं सरकवून बघितलं, मग माझ्याकडं वळली. तिच्या दुसऱ्या मुठीत दोन रुपयांचं नाणं होतं, पदराच्या गाठीतून घाईघाईनं सोडलेलं. खाली नदी होती. रुंद, गढूळ, आमच्याकडच्या श्रावणातल्या पाण्याच्या रंगाची. पुलाच्या तोंडावरची पाटी मीच मोठ्यानं वाचली होती. थायी अक्षरांखाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, मेनाम तापी. मी गंमत म्हणून वाचलं. पण ‘तापी’ हा शब्द कानावर पडला आणि डुलकी घेत असलेल्या मायचा हात डोळे उघडायच्या आधी पदराकडं गेला. “थांबाड ना रे गाडी,” ती नातवाला म्हणाली. ड्रायव्हर भर पुलावर कशाला थांबतोय! पूल संपला, नारळाची झाडं सुरू झाली, नाणं मुठीतच राहिलं. आणि तेव्हा, तिची समजूत घालायची म्हणून, मी म्हणाले, “जाऊ दे ना माय. ही आपली तापी नाही. नुसतं नावात साम्य आहे.”

ती काही बोलली नाही. नाणं परत पदरात बांधलं, गाठ दोनदा ओढून पक्की केली आणि काचेला डोकं टेकवून बसली.

मायशी मी अहिराणीत बोलते. जन्मभर बोलत आलेय. ते वाक्य मात्र शुद्ध पुस्तकी मराठीत बोलले, वर्गात नकाशापुढं उभं राहून बोलतात त्या आवाजात. मी भूगोल शिकवते. पंचवीस वर्षं झाली.

शहादा-दोंडाईचा रस्त्यावर वाढलेल्या माणसाला त्या नाण्याचं काही समजावून सांगावं लागत नाही. सारंगखेड्याचा पूल आला की एसटीतल्या बायकांचे हात आपोआप पदराकडं जातात. खिडकीकडेच्या अनोळखी पोराच्या हातात मागच्या सीटवरून नाणं येतं, पाठोपाठ दुसरं, तिसरं, आणि तो बिचारा पूल संपेपर्यंत सगळ्यांची नाणी पोचवत बसतो. एखादं कठड्यावर आपटून टण्णकन वाजलं की सगळी गाडी हळहळते. माझ्या लहानपणी दहा पैसे चालायचे, मग चार आणे, मग रुपया, आता दोन रुपये. महागाई तापीमायलाही चुकली नाही. धुळ्याला कॉलेजात जायला लागले तेव्हा मला या सगळ्याची लाज वाटायची. मैत्रिणी सोबत असल्या की मी पुलाच्या आधीच पुस्तकात डोकं घालायची. आणि ती म्हण तर मला कधीच पटली नव्हती, ती नाही का, गंगेत स्नान करावं, नर्मदेचं दर्शन घ्यावं आणि तापीचं नुसतं स्मरण करावं, पुण्य सारखंच. आमच्या गावात ती अभिमानानं सांगायचे. मला वाटायचं, यात कसला अभिमान? एकीला माणसं अंगानं भेटायला येतात, दुसरीला डोळ्यांनी बघायला येतात, आणि आमचीच्या वाट्याला काय, तर घरी बसून काढलेली आठवण. सूर्याची मुलगी असून!

आता मुळात आम्ही तिकडं कशाला गेलो होतो? समुद्र बघायला. मायला समुद्र दाखवायचा होता. बहात्तर वर्षांत तिनं तो पाहिलाच नव्हता. यात नवल काही नाही. खान्देशी माणसाचा आणि समुद्राचा संबंध बातम्यांत ‘कमी दाबाचा पट्टा’ ऐकण्यापुरता. तापी मुलताईला उगवते, ७२४ किलोमीटर चालते, आम्हाला ओलांडून सुरतेपलीकडं समुद्राला मिळते. आमच्याकडची माणसंही तिच्याच मागं सुरतेला जातात. घरटी एक तरी. माझा काका उधन्याला लूमवर होता. वर्षातून दोनदा भुसावळ पॅसेंजरनं यायचा, पिशवीत साड्यांचे तुकडे आणि घारी नावाची सुरती मिठाई घेऊन. माय काकाच्या मुलीच्या लग्नाला सुरतेला जाऊन आली तेव्हा मी विचारलं होतं, समुद्र पाहिला का? म्हणाली, मांडवातून बाहेरच पडायला मिळालं नाही. समुद्र तिथून वीसेक किलोमीटरवर होता.

आणि ‘फिरायला जाणं’ हा प्रकारच आमच्या घरात नव्हता. यात्रेला जाणं होतं. चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणं होतं, उन्हानं पायाला फोड आले तरी कौतुकानं सांगायचं. महाशिवरात्रीला तोरणमाळ होतं. सातपायरीच्या घाटात जीप वळायची तेव्हा बायका ‘गोरखनाथ महाराज की’ म्हणायच्या आणि निम्म्या जणी ओकायच्या. वर यशवंत तलावाच्या काठी थंडी अशी की दशम्या खाताना बोटं आखडायची. आणि वाळू आमची आम्हाला होतीच. बॅरेज, म्हणजे नदीवरचा मोठा बंधारा, व्हायच्या आधी उन्हाळ्यात तापी एका कडेला अंग चोरून वाहायची आणि उरलेल्या पात्रात नुसती वाळू. त्या वाळूत डांगरवाड्या लागायच्या. डांगर म्हणजे तुमचं खरबूज. आखाजीला घागर भरायची, तिच्यावर ठेवायला डांगर लागतंच, ते आम्ही थेट वाडीतून आणायचो. संध्याकाळी वाळू गार झाली की पोरं तिच्यात कमरेपर्यंत पुरून घ्यायची. हे सगळं होतं, पण त्याला देवाचं, नाही तर शेताचं निमित्त लागायचं. नुसतं बघायला, बसायला, काहीच न करायला म्हणून घरातून निघायचं, हे माझ्या मुलाच्या पिढीला सुचलं. तो पुण्यात असतो. आजीचा पासपोर्ट त्यानंच काढला. तिच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. जन्मभर निंदणी-खुरपणी केलेल्या हातांवर रेषा कुठून राहणार? चार वेळा बोटं पुसून पुसून कसे तरी घेतले.

थायलंड ठरलं, कारण तिथं तेव्हा आपल्याला व्हिसा लागत नव्हता आणि कारण मुलाच्या ऑफिसातले निम्मे जाऊन आलेले. क्राबीचा किनारा, मग खाओ सोकचे डोंगर, मग सामुई बेट, आणि मधल्या पौर्णिमेला त्यांचा दिव्यांचा सण. कागदावर झकास दिसत होतं.

क्राबीला पोचलो त्या सकाळी माय समुद्रापुढं उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते, खरं सांगायचं तर मोबाईल तयार ठेवून. तिनं हात जोडले, थोडा वेळ बघितलं आणि बसली. आम्ही पाण्यात गेलो. परत येऊन बघते तर ही वाळूत हातानं खड्डा उकरत होती. लाटेपासून आठ-दहा हात अलीकडं, बेतशीर, कोपरभर खोल. मला लगेच कळलं. ती झिरा काढत होती. आमच्याकडं नदीच्या वाळूत असाच झिरा काढतात. आधी गढूळ पाणी येतं, ते वाटीनं उपसून टाकायचं, मग नितळ चढतं, ते फडक्यातून गाळून हंड्यात. तिचं लग्नानंतरचं निम्मं आयुष्य यात गेलं. इथंही पाणी चढलं. तिनं ओंजळीत घेतलं, चाखलं, आणि थुंकून टाकलं. “खारं शे वं,” म्हणाली, फसवल्यासारखी. समुद्र खारट असतो हे तिला माहीत होतंच. पण वाळूतून झिरपलेलं पाणी गोड असतं हेही तिला माहीत होतं, आणि दोन्हींची गाठ आजवर पडली नव्हती. शेजारी एक गोरं जोडपं पालथं पडून उन्हात भाजून घेत होतं. त्यांनी या लुगड्यातल्या बाईचा खड्डा कौतुकानं बघितला. त्यांना वाटलं असेल, किल्ला करतेय.

तिला तिथली एकच गोष्ट मनापासून आवडली. त्या लांब शेपटाच्या लाकडी होड्या असतात ना, त्यांच्या नाळेला रंगीत फडकी गुंडाळलेली असतात, फुलांच्या माळा असतात. होडीच्या देवीसाठी. तिला पाय लागू देत नाहीत. दसऱ्याला आम्ही ट्रॅक्टरला हार घालतो आणि पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड, त्यातलाच प्रकार. माय प्रत्येक होडीच्या नाळेला हात लावून तो हात कपाळाला लावायची. होडीवाले खूष.

खाओ सोकला डोंगर पाण्यातून सरळ वर आलेले आहेत. चुनखडीचे कडे, अंगावर जंगल. मधे छिओ लान नावाचं अफाट तळं, त्यावर तरंगत्या बांबूच्या झोपड्या. फोटोत ते जसं दिसतं तसंच ते आहे, म्हणून मी त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तळं नैसर्गिक नव्हे. १९८७ साली पूर्ण झालेल्या धरणाचं पाणी आहे. सकाळी होडी चालली होती, धुकं होतं, सगळे गप्प होते. मायनं पाण्यात वाकून बघितलं आणि विचारलं, “याना खाले गाव व्हई का?” मुलानं होडीवाल्याला मोबाईलवर भाषांतर करून विचारलं. तो मान हलवून हो म्हणाला. एक बोट खाली दाखवलं. नंतर होडीत कुणी फोटो काढले नाहीत असं नाही, पण जरा कमी काढले. नर्मदेकाठची बुडालेली गावं उठून आमच्या शहादा-तळोद्याकडं वसली, ती माणसं बाजाराला यायची तेव्हा माय त्यांच्याशी बोललेली आहे. एक म्हातारी तिला म्हणाली होती, घर बुडालं त्याचं एवढं नाही, पण चूल बुडाली. हे मायनं मला त्या तरंगत्या झोपडीत, रात्री, पाण्याचा डबक डबक आवाज ऐकत सांगितलं.

पुढच्या दिवशी सामुईला निघालो आणि वाटेत तो पूल लागला. ते वर सांगितलंच.

पुलानंतर तासाभरात दोनसाकचा धक्का आला, आणि तिथं माझ्या भूगोलाची जी फजिती झाली ती आधी सांगून टाकते. आभाळ काळं, लाटा धक्क्यावर चढत होत्या, फेरी बंद. आज नाही, उद्याही बहुतेक नाही. माझा नवरा ट्रॅव्हल एजंटला फोनवर झापत होता, की नोव्हेंबरात पाऊस असतो हे आधी सांगायला तोंड नव्हतं का. एजंटचं चुकलं, त्यात वाद नाही, त्यानं पैसे घेताना सगळीकडं ऊनच ऊन दाखवलं होतं. पण मी? त्या देशाला दोन किनारे. अंदमान समुद्राकडचा किनारा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत भिजतो, म्हणजे मे ते ऑक्टोबर. आखाताकडचा किनारा, जिथं सामुई आहे, तो ईशान्य मोसमी वाऱ्यांत भिजतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडं चेन्नईला दिवाळीनंतर पाऊस का पडतो, हा प्रश्न मी दरवर्षी नववीला विचारते. चार गुणांना. आणि स्वतः तिकीट काढताना मनात काय होतं, तर गणपती गेले, दसरा झाला, आता कुठला आलाय पाऊस!

ड्रायव्हरनं आम्हाला मागं आणून शहरात एका हॉटेलात टाकलं. शहराचं नाव सुराट थानी. मुलगा खोलीत शिरल्या शिरल्या मोबाईल घेऊन बसला, आणि थोड्या वेळानं ओरडलाच. १९१५ साली त्यांचा राजा वजिरावुध, म्हणजे सहावा राम, इथं आला होता. त्यानं या गावाला आपल्या सुरतेवरून नाव दिलं, सुराट थानी, आणि सुरतेला तापी आहे म्हणून इथल्या नदीलाही तापी. ‘सुराट थानी’चा अर्थ त्यांच्या लेखी सज्जनांचं गाव. मराठी माणसाच्या डोक्यात सुरत म्हटल्यावर पहिल्यांदा काय येतं ते आठवून आम्ही सगळे हसलो. मुलगा पुढं वाचत होता. खाओ लुआंग डोंगरात उगम, लांबी २३० किलोमीटर, बानदोनच्या आखातात समुद्राला मिळते. आणि फुम दुआंग नावाची मोठी उपनदी तिला शहराच्या अलीकडं फुनफिनला मिळते. ही उपनदी कुठून येते? खाओ सोककडून. छिओ लानचं धरण तिच्याच पाण्यावर. म्हणजे दोन दिवस आम्ही जिच्यावर तरंगत झोपलो होतो, तेही तापीकडंच निघालेलं पाणी होतं. मी नकाशा हातात घेऊन बोटानं रेषा काढत गेले. बरोबर होतं. माय पलंगावर पाय दुमडून बसली होती, तिचं इकडं लक्ष नव्हतं. तिनं पिशवीतून एक स्टीलची डबी काढली. आत तुपात भिजवलेली त्रिपुरवात होती, तीनशे पासष्ट पदरांची. पौर्णिमा कुठंही असली तरी चुकवायची नाही, म्हणून घरून वळून आणलेली.

त्यांचा लोय क्राथोंग म्हणजे आपली कार्तिकी पौर्णिमा. लोय म्हणजे तरंगणं, क्राथोंग म्हणजे ते पानांचं तबक. पाऊस संध्याकाळी थांबला तसं सगळं गाव नदीकाठी लोटलं. रस्त्याच्या कडेला बायका ओळीनं बसून क्राथोंग विकत होत्या, आणि तिथं माझे वडील असते तर हललेच नसते, कारण ते बनतं केळीच्या खोडाच्या चकतीवर. आमच्याकडं घड कापला की खोड बांधावर फेकतात. ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर सडतात. इथं त्याच खोडाची चार बोटं जाडीची चकती, तिच्याभोवती केळीचीच पानं दुमडून टाचणीनं टोचलेली, कमळाच्या पाकळ्यांसारखी, मधे झेंडू, तीन उदबत्त्या, एक मेणबत्ती. मायनं एक उचललं, उलटं केलं आणि खोडाच्या कापावर अंगठा दाबला. चीक अजून ओला होता. “ताजं शे,” म्हणाली आणि घेतलं. विकणाऱ्या मुलीनं खुणेनं सांगितलं, आत नाणं ठेवायचं, नदीची माफी मागायची. वर्षभर तिचं पाणी वापरलं, तिच्यात घाण टाकली, त्याची. नदीच्या आईला ते काय म्हणतात ते मुलानं विचारून घेतलं. मे खोंगखा. खोंगखा म्हणजे गंगाच. आणि ‘मेनाम’ हा नदीसाठीचा शब्दही फोडला तर निघतं आई आणि पाणी.

मायनं नातवाला म्हटलं, हिला विचार, या नदीचं नाव काय.

मुलीनं हसून सांगितलं, “तापी.” शेवटचा ‘पी’ लांबवून.

माय माझ्याकडं वळली. “मंग?” म्हणाली.

एवढंच. मी भूगोलातलं काहीही तिला पुन्हा सांगितलं नाही.

तिनं पदराची गाठ सोडली, दात लावून सोडावी लागली एवढी घट्ट झाली होती, आणि ते दोन रुपयांचं नाणं झेंडूच्या फुलाखाली खोचलं. मेणबत्तीशेजारी त्रिपुरवात ठेवली. आता मेणबत्ती बोटभर आणि ही वात मुठीएवढी, तुपानं थबथबलेली. पेटली ती भडकलीच. पानांची एक कड चुरचुरत काळी पडली, तबक एका बाजूला कललं, आजूबाजूच्या बायका ‘ओय ओय’ करत मागं सरकल्या आणि हसायला लागल्या. मायनं काही घाई केली नाही. शेवटच्या पायरीवर बसली, पाण्यात हात घालून ते तबक दोन-तीनदा ढकललं आणि पाण्याचा हात डोळ्यांना लावला. शेकडो मंद मंद मेणबत्त्यांच्या मधून एक मशाल निघाली. ती आम्हाला बराच वेळ ओळखू येत राहिली. पाण्याला तूप, उदबत्ती आणि चिखल यांचा मिळून वास होता. तो मला आमच्या तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या घाटावरचा वाटला, आणि लगेच स्वतःचा संशयही आला, की आता मला सगळंच तसं वाटायला लागलंय. त्या दुपारी जे वाक्य बोलले त्याची भरपाई करायला मन कुठवर जाईल, काही सांगता येत नाही.

खालच्या अंगाला, उजेड कमी होता तिथं, पोरं पाण्यात होती. आठ-दहा वर्षांची, उघडी, छातीभर पाण्यात उभी. येणारं प्रत्येक तबक अडवायची, चाचपायची, नाणं काढून घ्यायची आणि तबक पुढं सोडून द्यायची. मायची मशाल त्यांच्याकडं गेली. एका पोरानं वातीपासून तोंड चुकवत फुलं बाजूला केली, नाणं काढलं. मला राग आला. खरंच आला, इतक्या लांबून आणलेलं, एकदा काचेनं अडवलेलं, आणि आता हा! पोरानं नाणं काठावरच्या दिव्याकडं धरलं. उलटं केलं. परत सुलटं केलं. अंगठ्यानं घासलं. त्याच्या ओळखीचं ते नव्हतं. शेजारच्याला दाखवलं, त्यानंही मान हलवली. मग त्यानं ते गालात टाकलं आणि पुढच्या तबकाकडं वळला.

“दख, दख,” मायनं माझा दंड धरला, “गालम्हा ठेवा त्यानी!” आणि ती हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. “तुना मामा भी असाच.” माझा मामा लहानपणी प्रकाशाला यात्रेच्या दिवसांत हेच करायचा. बुडी मारायची, वाळूतून नाणी वेचायची आणि गालात भरायची, कारण चड्डीला खिसा नव्हता. एकदा बोलायला गेला आणि एक गिळलं. दोन दिवस आजीनं त्याला केळी चारली. मामाला जाऊन आता नऊ वर्षं झाली. माय त्याच्याबद्दल बोलते ती नेहमी दवाखान्याबद्दल, शेवटच्या दिवसांबद्दल. हे, गालफाडं फुगवून काठावर येणाऱ्या मामाचं, तिनं मला या आधी कधीच सांगितलं नव्हतं. तिथं पायरीवर बसून तिनं ते तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी नाण्यांची संख्या वाढवत.

सामुई राहिलंच. दुसऱ्या दिवशीही फेरी सुटली नाही, मग आम्ही तिथूनच बँकॉकला आलो. बेटाचे पैसे बुडाले. सकाळी निघताना नदीवर गेलो तर पालिकेची माणसं होड्यांतून जाळ्यानं तबकं गोळा करत होती. काठावर केळीच्या चकत्यांचा ढीग लागला होता, पावसात भिजलेला, आणि त्याच्यावर माशा. तेवढं तर अगदीच आमच्यासारखं होतं.

गावी आल्यावर बायका विचारायला आल्या, काय काय पाहिलं? मला वाटलं माय समुद्राचं सांगेल. ती म्हणाली, समुद्र खारा आहे, डोंगर चांगले आहेत, आणि तिथं तापी आहे. तिसऱ्या गोष्टीवर कुणीही आश्चर्य दाखवलं नाही. एकीनं फक्त विचारलं, पाणी होतं का तिला?

महिन्यानं दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. आता घोडेबाजाराला फेस्टिव्हल म्हणतात, पाहुण्यांसाठी तंबू लागतात, ड्रोन उडतात. आम्ही आपलं एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं, घोडे बघितले, गोडीशेव घेतली आणि दोंडाईच्याच्या एसटीत बसलो. मी मुद्दाम खिडकी पकडली होती. बस पुलावर चढायच्या आत काच सरकवून ठेवली, वारा भसकन आत आला, मी पर्समधून दोन रुपये काढले आणि मायच्या हातात दिले.

तिनं एकदा खाली पाण्याकडं बघितलं. बॅरेजमुळं ते काठोकाठ होतं. नाणं तिनं माझ्या पर्सवर परत ठेवलं.

“राहू दे,” म्हणाली, “तथा दिधा ना.”